दारात ‘एक्सचेंज ऑफर’वाला आला तर आधी हे वाचा (इन्व्हर्टर बॅटरी)

लिहू का नको असं आठ दिवस चाललं होतं, कारण मी स्वतः 11 वर्षं मोबाईल शॉपी चालवायलोय, डुप्लिकेट बॅटरी कशी ओळखायची ते गिऱ्हाईकाला मीच सांगतो, अन् मलाच घरी येऊन 12,650 ला टोपी घातली.

हिशोब सांगतो. ‘नवी’ 150 एएच (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीत किती करंट साठतो ते) ट्युब्युलर (इन्व्हर्टरला लावतात तो बॅटरीचा प्रकार) 12,400 ला, जुनीचे 3,600 वजा, राहिले 8,800. त्यातले 8,000 फोनपे, 800 रोख, वर फिटिंगचे 250. जुनी गेली ती गेलीच, म्हणजे खिशातले 9,050 अन् जुनीचे 3,600 धरून 12,650. पांढरा छोटा हत्ती, मोठ्या कंपनीचा बॅनर, गळ्यात आयकार्ड, मी भुललो.

म्हणाल घाई काहून केली. अहो, बीड जिल्ह्यात उन्हाळ्यात लाईट कशी जाती ते पुण्यात बसून नाही कळत. आईला दमा, रात्री नेब्युलायझर लागतंय, पोरगी बारावीला, अन् जुनी बॅटरी वीस मिनिटांत कुई कुई करायची. तुम्हीबी घेतली असती.

पण ते टर्मिनल (बॅटरीला वायर जोडायचं टोक)! त्यावर ग्रीस थापलेलं होतं, मी सहज बोटानं पुसलं तर खाली क्लॅम्पचे ओरखडे. नव्या बॅटरीला ओरखडे कुठून आले? तर म्हणतो, “कंपनीत टेस्टिंग होती ना भाऊ.” अन् मी, अकरा वर्षांचा दुकानदार, म्हणलो “हां हां, बरोबर”. अजून एक, त्याच्या पोरानं ती एकट्यानं उचलून आत आणली. आमची जुनी काढताना मी अन् पुतण्या दोघं वाकलो होतो! 150 ची ट्युब्युलर अ‍ॅसिडसकट 50 किलोच्या वर भरते, ही नंतर खताच्या दुकानातल्या काट्यावर टाकली तर 31. डोळ्यासमोर होतं सगळं.

तिसऱ्या रात्री दोन वाजता लाईट गेली, पंखा दोन चकरा मारून थांबला, नेब्युलायझर बंद, आई उठून बसलेली. मेकॅनिकनं मीटर लावलं तर 12.7 व्होल्ट, एकदम ओके, अन् लोड टाकला, म्हणजे पंखा-बल्ब चालू केला, की सरळ 9. म्हणून नुसतं मीटर दाखवून कुणी खूश करत असेल तर फसू नका, लोडवर दाखव म्हणा. सीरियल नंबर कंपनीच्या कस्टमर केअरला विचारला तर असा नंबरच नाही म्हणे. हा फोन पैसे द्यायच्या आधी करायचा असतो!

पोलीस स्टेशनला तीन चकरा झाल्या. पहिल्यांदा साहेब बंदोबस्तात. दुसऱ्यांदा “पक्कं बिल आहे का?” अरे, पक्कं बिल देणारा असता तर मी तुमच्याकडं कशाला आलो असतो? तिसऱ्यांदा हवालदार म्हणतो, तुम्हाला बॅटरी तर मिळाली ना, मग फसवणूक कशी, ग्राहक आयोगात जा. तिथं 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही, खरंय, पण समोरच्याचा पत्ता तर लागतो! बिलावर ना जीएसटी नंबर ना गाव. त्याचा मोबाईल नंबर चालू आहे, फोनपेवर नाव दिसतंय, एवढं हातात देऊनबी “अर्ज ठेवून जा”.

जुनी बॅटरी कुणाच्या गाडीत आधी चढवू देऊ नका, भंगारात शिशाचेच चांगले पैसे येतात, त्याला तीच पाहिजे असती.

काल परत रिंग दिली, उचलला नाही. व्हॉट्सॲप स्टेटसला मात्र दुसऱ्या छोट्या हत्तीचा फोटो, हार घातलेला, नारळ फोडलेला.