रमी अ‍ॅपचा रिव्ह्यू, जरा उशिरा लिहितोय

अ‍ॅपचं नाव लिहीत नाही, पैशाचा खेळ आता बंदच झालाय त्यात. पण दोन वर्षं खेळलोय, म्हणून सांगतो.

दिसायला एक नंबर. १० रुपये पॉइंटचं टेबल, हात लागलाच नाही तर ८० पॉइंट म्हणजे ८०० रुपये दोन-तीन मिनिटांत साफ, आणि आवाज कसला तर फक्त पत्ते पिसल्याचा. तालमीच्या कट्ट्यावर एवढे हरलो असतो तर चौघांनी "ऊठ लका, घरी जा" म्हणून हाकललं असतं, इथं लगेच खाली 'अ‍ॅड कॅश' चमकतंय. टाकायला यूपीआय, पाच सेकंद. काढायला केवायसी, पॅनकार्ड, आणि बोनस तर निघतच नाही, तो खेळूनच संपवायचा. ऑक्टोबर २०२३ पासनं १०० टाकले की जवळजवळ २२ जीएसटीत जायचे, हे लोक तेवढाच बोनस दाखवायचे आणि मी खूश! डावागणिक कंपनीचं कमिशन वेगळंच.

मी गंडलो ते 'लीगल' या शब्दावर. सुप्रीम कोर्टानं १९६७ सालीच रमीला कौशल्याचा खेळ म्हटलंय ना. मटक्याच्या टपरीवर जन्मात उभारलो नाही मी, पण हे लीगल हाय म्हणून बायकोच्या पाटल्या पतसंस्थेत तारण, मग पर्सनल लोन, मग ते फेडायला लोन अ‍ॅप. साडेचार लाख.

ऑगस्ट २०२५ ला कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं, सगळं गाव त्या आनंदात, आणि त्याच आठवड्यात दिल्लीत ऑनलाइन पैशाच्या खेळांवर बंदीचा कायदा. हप्ता मात्र ५ तारखेला बरोबर. ओळखीच्या वकिलांना विचारलं, दिवाळखोरी जाहीर करता येती का. ते म्हणाले, २०१६ च्या कायद्यातला वैयक्तिक भाग अजून फक्त कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांनाच लागू झालाय, तुमच्यासारख्या नोकरदाराला १९२० चाच कायदा, आणि त्यात जुगारानं बुडालेल्याला कोर्ट पूर्ण कर्जमुक्ती देत नाही. म्हटलं, अहो पण रमी जुगार नाही की! चष्म्यावरनं बघत म्हणाले, "मग काय, कौशल्य दाखवून हरलो असं लिहू अर्जात?"

बंदीनंतर वॉलेटमधले उरलेले ३१२ रुपये दोन दिवसांत खात्यावर आले, खोटं का बोला. एक स्टार तेवढ्यासाठी.