आई जागी होईपर्यंतचं ‘सोलो लेव्हलिंग’

‘सोलो लेव्हलिंग’ हे कोरियन कॉमिक दोन तुकड्यांत वाचावं, असं माझं स्पष्ट मत आहे. नायक सुंग जिनवूची आजारी आई जागी होते तिथपर्यंत एक, आणि त्यापुढचं दुसरं. पहिला तुकडा मी कुणालाही बेलाशक सुचवेन. दुसऱ्याबद्दल मात्र नीट बोलायला हवं. ज्याला कुणी हरवूच शकत नाही असा नायक कधी रंगतो आणि कधी रटाळ होतो, ते या एकाच कथेत लख्ख दिसतं.

मी माध्यमिक शाळेत पीटी शिकवतो. आमची मोठी पोरं हे मोबाइलवर वाचतात आणि मधल्या सुट्टीत मैदानावर जोर काढतात. जिनवूला रोज १०० जोर, १०० सिट-अप्स, १०० बैठका आणि १० किलोमीटर धावणं सक्तीचं आहे ना, म्हणून. कॉमिक वाचून पोरं घाम गाळत असतील तर ते आपणही वाचायलाच हवं, म्हणून मी ते हातात घेतलं.

थोडी पार्श्वभूमी. चुगाँग या टोपणनावाच्या लेखकाची वेब-कादंबरी २०१६ मध्ये आली. तिच्यावरून २०१८ ते २०२१ या काळात हे रंगीत कॉमिक काकाओपेज या कोरियन ॲपवर चाललं. चित्रं जांग सुंग-राक यांची, ‘दुबू’ या नावाने काढलेली. २०२२ मध्ये ते अकाली गेले. ती काळ्या-जांभळ्या रंगांतली पानं बघताना या माणसाबद्दल फार हळहळ वाटते.

कथेतल्या जगात जागोजागी दारं उघडतात आणि त्यांच्या आत राक्षस असतात. त्यांना मारणारे ते हंटर. या जगाचा नियम असा की शक्ती पहिल्यांदा जागी होते तेव्हा जी रँक मिळेल ती जन्मभराची. मेहनत करून ती वाढत नाही. जिनवू सगळ्यात खालच्या ई रँकचा आहे. त्याची आई एका विचित्र आजाराने झोपली आहे आणि उठत नाही. दवाखान्याचा खर्च आणि धाकट्या बहिणीचं शिक्षण, दोन्ही त्याच्या डोक्यावर. म्हणून तो मार खात, जखमा शिवून घेत पुन्हा पुन्हा आत जातो.

सुरुवातीचा मंदिराचा प्रसंग तर मला फारच आवडला. एका डंजनच्या, म्हणजे दाराआडच्या राक्षसांच्या गुहेच्या, आत दुसरं डंजन सापडतं, त्यात महाकाय दगडी पुतळे असतात आणि शिळेवर तीन आज्ञा कोरलेल्या असतात. एकेक हंटर मरू लागतो. अशा वेळी सगळ्यांत दुबळा जिनवूच पुतळ्यांकडे बघून नियम ओळखतो: आधी लवा, मग वाद्य धरलेल्या पुतळ्यांपाशी जा. त्याचा पाय तुटतो. शेवटी बाकीच्यांना बाहेर काढून तो एकटा मागे राहतो. हातात ताकद काहीच नाही, फक्त डोकं आणि छाती. इथे वाचक त्याच्याशी जोडला जातो तो कायमचा.

मरता मरता त्याला व्हिडिओ गेमसारखी कामं देणारी एक ‘सिस्टीम’ मिळते, आणि साऱ्या जगात त्याच्या एकट्याची लेव्हल वाढू लागते. इथून पुढची वाढ लेखकाने फार चोख सांभाळली आहे. व्यायाम चुकवला की शिक्षा: वाळवंटात नेऊन टाकतात, मागे राक्षसी गोमा, आणि चार तास जीव वाचवायचा. हापजोंग मेट्रो स्टेशनातल्या डंजनमध्ये तो लांडगे मारतो आणि पुढच्या सापाशी झुंजताना पुरता घाईला येतो. प्रत्येक टप्प्यावर त्याला काहीतरी मोजावं लागतं. पीटीचा मास्तर म्हणून मला हे पटतं, कारण इथे बळ अंगात येताना दिसतं, आयतं हातात पडत नाही. मग ह्वांग दोंगसुक नावाच्या हंटरची टोळी त्याला आणि यू जिनहो या सोबतच्या हंटरला राक्षसी कोळ्याच्या तोंडी देऊन निघून जाते, तेव्हा सिस्टीम त्या माणसांना मारायला सांगते. जिनवू मारतो. आणि आपण इतके थंड कसे झालो, याचं त्याचं त्यालाच नवल वाटतं. त्या दोन-चार पानांत ताकदीचा खरा प्रश्न उभा राहतो. माझी तक्रार हीच की पुढे लेखक त्या प्रश्नाकडे फारसा वळतच नाही.

डीमन कॅसल हा सैतानांचा किल्ला चढून तो औषध बनवतो आणि आई डोळे उघडते. या प्रसंगाला मी मनापासून दाद देतो. एवढा बलाढ्य झालेला पोरगा तिच्यासमोर पुन्हा लहान होतो. पण इथे कथेचं इंजिनही बंद पडतं. ज्या कामासाठी ताकद हवी होती ते काम झालं. आता पुढे कशासाठी?

लगेच येणाऱ्या जेजू बेटाच्या मोहिमेत निदान अर्धं उत्तर सापडतं. जिनवू तिथे नसतो. राक्षसी मुंग्यांचा राजा कोरियाच्या एकेका उत्तम हंटरला लोळवतो आणि निवृत्तीतून परत आलेला वैद्य मिन ब्युंग-ग्यू मारला जातो. मग जिनवू सावलीतून उगवतो. मुंगीराजाशी त्याची लढत बघण्यासारखी आहेच, पण मला लक्षात राहिली ती त्यानंतरची एक गोष्ट. मेलेल्यांना आपली सावली-सैनिक करून उठवण्याची विद्या त्याच्याकडे आहे. तो मिनला उठवतो, मरणाच्या दारातल्या चा हे-इन या हंटरवर उपचार करून घेतो आणि मिनला सोडून देतो. एवढा मोठा वैद्य कायमचा हाताशी ठेवता आला असता. ठेवत नाही. त्या क्षणी तो मला सगळ्यात बलवान वाटला.

जेजूनंतर मात्र तोच तो प्रकार सुरू होतो. नवा शत्रू येतो, बाकीचे हंटर हरतात, कुणीतरी डोळे विस्फारतं, जिनवू येतो, सावल्या उठतात. आमच्या एका विद्यार्थ्याने हे फार नेमकं सांगितलं: “सर, आता त्याला काय होणारच नाही. मी नुसतं वर सरकवत बसलो.” जत्रेच्या आखाड्यात पंच तोलामोलाची जोड का लावतात, ते अशा वेळी कळतं, पहिल्याच मिनिटाला चितपट होणाऱ्या कुस्तीला कुणी फेटा उडवत नाही. त्यात बैक युनहो, चोई जोंग-इन, चा हे-इन ही उत्तम उभी केलेली हंटर माणसं नुसती बघे होऊन बसतात. शिवाय मागाहून कळतं की ही शक्ती मुळात सावल्यांच्या राजाची, ॲशबॉर्नची, आणि जिनवू त्याने निवडलेला. मला हे खुपलं. घामाने मिळवलेलं बळ एका झटक्यात वारशाचं झालं.

अजिंक्य नायक म्हणजे कंटाळाच, असं मी म्हणत नाही. आपल्या महाभारतात कृष्णाच्या तोडीचं कोण आहे? पण तो शस्त्र न धरण्याचं ठरवून घोडे हाकायला बसतो, म्हणून अर्जुनाला हात थरथरेपर्यंत लढावं लागतं. जपानी ‘वन पंच मॅन’मध्येही हीच समज आहे. त्यातला नायक सैतामा, त्याचा व्यायाम जिनवूसारखाच, १०० जोर आणि १० किलोमीटर. तो पहिल्याच पानापासून एका ठोशात कुणालाही संपवतो. पण तो पोचायच्या आधी मुमेन रायडर नावाचा सी वर्गातला साधा माणूस सायकलवरून समुद्रराजा या राक्षसाला भिडायला जातो, हरणार हे माहीत असून. आपला जीव त्याच्यात अडकतो. आणि जिंकल्यावर सैतामा सगळ्यांसमोर सांगतो की आधीच्यांनी राक्षसाला दमवलं होतं म्हणून आपलं काम सोपं झालं. बाकीच्यांचा मान राहावा म्हणून तो स्वतःचं नाव खराब करून घेतो. ‘सोलो लेव्हलिंग’च्या उत्तरार्धात एखादा मुमेन रायडर हवा होता.

(शेवट कळायला नको असेल त्यांनी हा परिच्छेद सोडावा.) अखेरीस जिनवू काळ मागे फिरवतो आणि ती सगळी लढाई दुसऱ्या मितीत २७ वर्षं एकटा लढतो. परत येतो तेव्हा त्याचा पराक्रम कुणालाच आठवत नाही. कल्पना जबरदस्त आहे. या बळाची इतकी मोठी किंमत आधी कुठेच नव्हती. पण कॉमिकने ती २७ वर्षं भराभर उरकली आहेत. मला तिथे थांबायचं होतं.

घ्यायचं कसं, तर मी इंग्रजीतून वाचलं. येन प्रेसचे छापील खंड २०२१ पासून निघू लागले. छपाई पूर्ण रंगीत आहे. मूळ कॉमिक मोबाइलवर वरून खाली सरकवत वाचण्यासाठी काढलेलं, त्यामुळे मंदिरातला पुतळा पायांपासून चेहऱ्यापर्यंत जसा हळूहळू उलगडतो, तशी मजा कागदावर येत नाही. संग्रही ठेवायचं तर जेजूपर्यंतचे खंड घ्या, पुढचं कुणाकडून आणून वाचलं तरी चालेल. मंदिराच्या प्रसंगात हातपाय तुटतात, रक्त भरपूर आहे; सहावी-सातवीच्या पोरांच्या हाती देण्याआधी घरच्यांनी तेवढी पानं स्वतः बघून घ्यावीत.