प्लगचा गॅप: नाण्यासारखं गेज की तारेचं?

स्पार्क प्लगचा गॅप, म्हणजे ठिणगी पडते ती मधल्या आणि बाहेरच्या इलेक्ट्रोडमधली (धातूच्या टोकांमधली) फट, मोजायला दुकानात दोन तऱ्हेची गेज मिळतात. एक नाण्यासारखं गोल, कड हळूहळू जाड होत जाणारी. दुसऱ्यात ठरावीक जाडीच्या तारा.

नाणं स्वस्त, किल्ल्यांच्या जुडग्यातही मावतं. पण त्याची कड पाचरीसारखी शिरते. जरा जोर लागला की बाहेरचा इलेक्ट्रोड उचलला जातो आणि मोजता मोजता गॅपच वाढतो. तारेचं तसं नाही. ०.८ ची तार किंचित घासत गेली आणि ०.९ ची शिरली नाही, की गॅप ०.८ मिमी धरायचा. वापरलेल्या प्लगचे इलेक्ट्रोड झिजून खडबडीत झालेले असतात, तिथेही तारच भरवशाची. इरिडियम प्लगला तर नाणं लावूच नका! त्याचं इरिडियम धातूचं मधलं टोक जेमतेम अर्धा मिमी जाड असतं, सहज तुटतं.

आकडा मात्र आपल्या इंजिनाच्या मॅन्युअलमधूनच घ्या. एकच प्लग वेगवेगळ्या इंजिनांत बसतो, त्यामुळे नवा प्लगही मोजूनच लावावा. साध्या प्लगचा गॅप जास्त असेल तर बाहेरचा इलेक्ट्रोड हलकेच ठोकायचा. कमी असेल तर तारेच्या गेजला बहुधा खाच असते, तिने तो अलगद उचलायचा. मधल्या इलेक्ट्रोडवर टेकू देऊन कधीच नाही.