डोमेन नावाचा वाद: यूडीआरपी की न्यायालय?

दुसऱ्याने घेतलेल्या डॉट कॉम नावावर, म्हणजे संकेतस्थळाच्या पत्त्यावर, ट्रेडमार्कवाल्या कंपनीने हक्क सांगायचा ठरवला, तर तिच्यापुढे दोन वाटा असतात: इंटरनेटवरील नावांची व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेची १९९९ची यूडीआरपी ही वाद सोडवण्याची प्रक्रिया किंवा थेट न्यायालय.

यूडीआरपी कागदपत्रांवरच चालते. असे वाद हाताळणाऱ्या वायपोकडे (जागतिक बौद्धिक संपदा संघटना) एका पंचासाठी कंपनी १,५०० डॉलर भरते. नोंदणीदाराला, म्हणजे नाव घेतलेल्या माणसाला, उत्तरासाठी २० दिवस मिळतात. नाव ट्रेडमार्कसारखे आहे, एवढ्याने भागत नाही. नोंदणीदाराचा त्यावर रास्त हक्क नाही आणि नाव वाईट हेतूने घेतले व वापरले, हेही सिद्ध करावे लागते. भरपाई नाही, नाव रद्द होते किंवा कंपनीकडे जाते.

न्यायालयात साक्षी, पुरावे, भरपाई सगळे आहे, आणि तिथेच एकटा माणूस दमतो. अमेरिकेत उझी निसान यांनी १९९४ साली स्वतःच्या आडनावाने निसान डॉट कॉम घेतले. निसान मोटरने १९९९ साली एक कोटी डॉलरचा दावा लावला. नाव अखेर उझी यांच्याकडेच राहिले, पण खटला वर्षानुवर्षे चालला. स्वतःच्या आडनावासाठी एवढी झीज? मला हे अन्याय्यच वाटते.

एकट्या माणसाला यूडीआरपीच परवडते. मात्र उत्तराची मुदत चुकवू नका. निकाल विरोधात गेला, तरी कामकाजाच्या १० दिवसांत योग्य न्यायालयात दावा दाखल केला, की नावाचे हस्तांतरण थांबते.