मापाने करून घेतलेली रायफल : दहा महिने वापरल्यावर

आधी हिशेब सांगते, कारण रेंजवर सगळे पहिल्यांदा तोच विचारतात आणि मी दर वेळी आकडा थोडा कमी करून सांगते. 10 मीटरची एअर रायफल, जर्मन बनावटीची, 2 लाख 80 हजार. तिला माझ्या मापाचा अक्रोडाचा स्टॉक, म्हणजे खांद्याला आणि गालाला लागणारं लाकडी अंग, आणि हाताचा ठसा देऊन कोरून घेतलेली ग्रिप, या दोन्हींचे मिळून आणखी 1 लाख 15 हजार. एकूण 3 लाख 95. घरी सासूबाईंना अजून अडीचच माहीत आहेत.

मी ठाण्यात राहते, बँकेत नोकरी करते, उंची पाच फूट एक इंच. नेमबाजी सुरू केली तेव्हा छत्तिशी उलटली होती. 2022 मध्ये आपल्या ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील कैरोमध्ये जागतिक विजेता झाला. त्यानंतर माझी मुलगी हट्ट करून रेंजवर गेली, तीन महिन्यांत कंटाळली, आणि भरलेली फी वाया जाऊ नये म्हणून मी गेले. ती फी अजून वसूल होतेच आहे.

पहिली दोन वर्षं क्लबच्या रायफलवर काढली. ती कुण्या उंच मुलाच्या मापाला लावलेली असायची. माझ्याआधी जो वापरेल त्याची सेटिंग, आणि मी येऊन कशीबशी तिच्यात शिरायचे. उभं राहून नेम धरताना डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकायला हवं. रायफलचा भार हाडांनी घ्यायचा, स्नायूंनी नाही. माझं कोपर टेकायचं, पण मग रायफल डोळ्यापर्यंत यायची नाही, म्हणून मान खाली घालायची. साठ शॉट, सव्वा तास. घरी आलं की मानेला बाम. गुण 596 ते 601, सहा महिने जागचे हलले नाहीत.

सर म्हणाले, रायफल तुला बसत नाहीये. मी त्याचा अर्थ लावला, नवीन घ्यायला हवी. या दोन वाक्यांमध्ये जवळजवळ चार लाखांचं अंतर होतं, हे नंतर कळलं.

मापं द्यायचा प्रकार मात्र झकास होता. पुढून, बाजूने, मागून फोटो. खांद्यापासून तर्जनीच्या पहिल्या पेरापर्यंतचं अंतर. गालाच्या हाडापासून खांद्यापर्यंतचं. मळलेल्या मातीच्या गोळ्यावर ग्रिप धरल्यासारखी मूठ आवळायची आणि तो गोळा तसाच सुकवून पाठवायचा. लग्नातल्या ब्लाऊजसाठीसुद्धा कुणी माझी इतकी मापं घेतली नव्हती. मग पाच महिने वाट.

आता ज्याचे पैसे आपण देतोय असं वाटतं, तो नेमकेपणा. नव्या रायफलसोबत कारखान्यातलं टेस्ट कार्ड येतं. शिकंज्यात धरून मारलेले शॉट, सगळे मिळून एकच भोक. माझ्या कार्डावरचं भोक मोजलं तर सव्वापाच मिलिमीटरच्या आत. पेलेटच, म्हणजे आतला छर्राच, साडेचार मिलिमीटरची, म्हणजे शॉटांच्या केंद्रांत फरक पाऊण मिलिमीटरसुद्धा नाही. मी खूश. मग सरांनी क्लबची जुनी रायफल शिकंज्यात लावली आणि माझ्यासमोर दहा शॉट मारले. भोक सहा मिलिमीटर.

त्या रात्री वही घेऊन बसले. आपल्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. पेलेटची कड त्याला शिवली की दहा, म्हणजे पेलेटचं केंद्र अडीच मिलिमीटर सरकलं तरी 10.0 मिळतात. तिथून आत प्रत्येक पाव मिलिमीटरला एक दशांश, 10.9 पर्यंत. माझी सरासरी तेव्हा दहाच्या आसपास, म्हणजे मी स्वतः दर शॉटला सरासरी अडीच मिलिमीटर चुकत होते. जुनी रायफल केंद्रापासून पाऊण मिलिमीटर इकडेतिकडे टाकते आणि नवी त्याच्या निम्मी, हा फरक माझ्या अडीचमध्ये कुठे बुडून जातो ते दिसतंच. साठ शॉटमध्ये फार तर दोन गुण. जुन्या बॅरलचा गुन्हा काही नव्हता.

माझा मामेभाऊ पेनसिल्वेनियात असतो. तिकडे हरणांच्या शिकारीचा परवाना काढून दर हिवाळ्यात जंगलात जातो. (इथे शिकार वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद, आणि तो इथे असता तर मुंगूसही मारला नसता.) त्याने .270 विंचेस्टरची कस्टम रायफल करून घेतली, सहा हजार डॉलरला. बनवणाऱ्याची हमी, शंभर यार्डांवर तीन शॉट अर्ध्या इंचात. दुकानातली साधी रायफल तिथे इंच-दीड इंचात मारते. आणि हरणाच्या छातीतली मर्माची जागा असते साधारण आठ इंच. तीन वर्षांत त्याने दोन हरणं मारली, दोन्ही शंभर यार्डांच्या आतली. मी फोनवर विचारलं, अरे, मग अर्ध्या इंचाचं हरणाला काय? तो चिडला. मग जरा वेळाने स्वतःच म्हणाला की खरा फरक लांबीचा पडला. अमेरिकन कारखान्यातल्या रायफलींचा स्टॉक, ट्रिगरपासून बटच्या, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या मागच्या, टोकापर्यंत, साडेतेरा-पावणेचौदा इंच असतो. हा माझ्याच खानदानातला, पाच फूट चार. जाड जॅकेट घातलं की बट काखेत अडकायचा. कस्टमवाल्याने साडेबारा इंच करून दिला आणि रायफल पहिल्यांदा खांद्याला नीट लागली. जुन्याच रायफलचा स्टॉक एक इंच कापून घेतला असता तर काय खर्च आला असता, हे मी विचारलं नाही. भावाशी संबंध ठेवायचेत.

मुरबाडला आमच्या आजोबांकडे शेतीच्या राखणीसाठी लायसनची बारा बोअरची बंदूक होती. तिच्या बटला गोणपाटाची चौपदरी घडी सुतळीने बांधलेली असायची. लहानपणी वाटायचं, धक्का लागू नये म्हणून. आता वाटतं, आजोबांचे हात लांब होते.

तर माझ्या 1 लाख 15 हजारांत काय आलं? ग्रिप आली. हिच्याबद्दल मी वाईट बोलणार नाही. आधी मूठ आवळली की मनगट किंचित आत वळायचं आणि बोट ट्रिगर सरळ मागे न ओढता तिरकं ओढायचं. स्क्रीनवर शॉट डावीकडे सरकलेले, रोज, ओळीने. नव्या ग्रिपमध्ये हात एकाच तऱ्हेने बसतो, दुसऱ्या तऱ्हेने बसूच शकत नाही. पहिल्या आठवड्यात डावीकडचा घोळका गेला. साठावा शॉट पहिल्यासारखा वाटतो. नुसती ग्रिप घेतली असती तर 20 हजारांत झाली असती.

आणि अक्रोड. दिसतो अप्रतिम, रेषा अशा की रेंजवरची पोरं हात फिरवून बघतात. पण तो युरोपातल्या कोरड्या हवेत वाढलेला जीव, आणि मी त्याला आणलं ठाण्यात. जुलैत, चार दिवस झड लागल्यावर, चीकपीसच्या, म्हणजे गाल टेकवायच्या तुकड्याच्या, दांड्या जिथे लाकडात शिरतात तिथे लाकूड फुगलं आणि दांड्या जाम झाल्या. वर होईनात, खाली होईनात. शून्य, म्हणजे शॉट मधोमध पडावा म्हणून लावायची साइट, रोज नवीन. दर सरावाआधी पाच-सहा शॉट त्यातच जायचे. कपाटात सिलिका जेलच्या पिशव्या ठेवल्या, मग डांबर गोळ्यांच्या कपाटातून काढून बेडरूममध्ये एसीखाली ठेवली. नवरा म्हणाला, आपण दोघं हॉलमध्ये झोपू. शेजारच्या लेनवरच्या मुलाचा अॅल्युमिनियमचा स्टॉक पावसाळाभर तसाच, त्याला स्क्रूला थोडं तेल लावण्यापलीकडे काही करावं लागलं नाही. वर लाकूड जड. नियमाने रायफल साडेपाच किलोच्या आत हवी, त्यात ती बसते, पण साठ शॉटांच्या शेवटी माझ्या पाठीला नियम सांगून उपयोग नसतो.

बाकी किरकोळ. रायफलचा हवेचा सिलेंडर 200 बारपर्यंत रेंजच्या कॉम्प्रेसरवर भरून मिळतो. हातपंप घेऊ नका, व्यायामच हवा असेल तर उपवन तलावाला फेऱ्या मारा. पेलेटसाठी मात्र हात सैल सोडा. 4.49 पासून 4.52 पर्यंत डोक्याच्या मापाच्या वेगवेगळ्या डब्या आणून शिकंज्यात लावून बघा, आपल्या बॅरलला कुठली आवडते ते हजार-दोन हजारांत कळतं. लोकलमध्ये केस घेऊन जाताना बिल आणि ओळखपत्र जवळ ठेवते. 4.5 मिलिमीटरच्या, 20 ज्यूलच्या आतल्या एअर रायफलला लायसन लागत नाही, आपल्या मॅच रायफली तर साडेसात ज्यूलच्या आसपास असतात, पण हे सगळं ठाणे स्टेशनच्या पुलावर साडेआठ वाजता समजावत बसण्यापेक्षा कागद दाखवणं सोपं.

आता माझे गुण 607 ते 612. सगळे म्हणतात, रायफलने दहा गुण वाढवले. मलाही तसंच वाटत होतं. ऑक्टोबरमध्ये माझी रायफल सील बदलायला दिली आणि आठ दिवस परत क्लबची घ्यावी लागली. या वेळी सरांनी तिच्यावर माझी मापं चढवली. बट पूर्ण आत, चीकपीस खाली, डाव्या हाताखाली उंची वाढवणारा ठोकळा, आणि माझी ग्रिप काढून तिच्यावर बसवली. सगळं मिळून चाळीस मिनिटं, एक अॅलन की. पहिल्या दिवशी 604. पाचव्या दिवशी 608.

मी सरांकडे बघितलं. ते पेलेटच्या डब्या आवरत होते. म्हटलं, हे दोन वर्षांपूर्वी का नाही केलंत? म्हणाले, तेव्हा रायफल पाच जण वापरत होते, रोज कोण खोलणार. शिवाय तू विचारलं नाहीस, तू सरळ कॅटलॉग मागितलास.

स्वतःची रायफल असण्याचा फायदा नक्की आहे. मापं एकदा लावली की कुणी हलवत नाही, आणि दहा महिन्यांत मी दुप्पट सराव केला तो ती घरात डोळ्यांसमोर असल्यामुळेच. घेणार असाल तर साध्या अॅल्युमिनियम स्टॉकची घ्या, सेकंडहँड चालेल, फक्त सिलेंडरवरची तारीख बघून घ्या, दहा वर्षं झालेला असेल तर बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करायला सांगा. आधी मात्र दोन शनिवार कुणाला तरी सोबत घेऊन आहे त्याच रायफलचे स्क्रू फिरवून बघा.

माझा अक्रोडाचा स्टॉक विकायला काढला आहे. उंची पाच फूट ते पाच दोन, उजव्या हाताचा नेमबाज, घरी एसी असल्यास उत्तम. ग्रिप मिळणार नाही.