पोसबांक: सायकलींना दोन तारे, चिठ्ठीला पाच

ऑगस्टचा शेवटचा आठवडा होता, बाबा युट्रेख्टला माझ्याकडे राहायला आले होते आणि हेदर या जांभळ्या फुलांच्या रानझुडपाला बहर आल्याचे फोटो सगळीकडून येत होते. म्हणून शनिवारी व्हेलूवेझोम गाठलं. सायकली घरून न नेता तिथेच भाड्याने घेतल्या. दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तक्रार मोठी आहे, पण माणूस मनाने चांगला होता.

आर्नेमला गाडी बदलून झुटफेनकडे जाणारी स्प्रिंटर, म्हणजे इथली लोकल, पकडली आणि रेडेनला उतरलो. गावामागे लगेच चढ सुरू होतो. व्हेलूवेझोम हे नेदरलँड्समधलं सगळ्यात जुनं राष्ट्रीय उद्यान, १९३० सालचं, साधारण ५,००० हेक्टरचं. त्यातली सगळ्यात नावाजलेली जागा म्हणजे पोसबांक, उंची जेमतेम ९० मीटर. बाबांनी सिंहगड किती वेळा चढलाय याचा हिशेब नाही. आकडा ऐकून ते म्हणाले, "अगं, एवढी तर आपल्या सोसायटीची टाकी असेल."

मी काही बोलले नाही. खाली आयसेल नदीचं खोरं सपाट, समुद्रसपाटीपासून फार वर नाही, आणि तिथून रस्ता एका दमात वर जातो. २०१६च्या जिरो दी इतालिया या सायकल शर्यतीचा एक टप्पा याच चढावरून गेला होता. इथे राहून आपले पाय सपाटीला इतके सोकावलेले असतात की ऐंशी मीटरसुद्धा मांड्यांना चांगलेच कळतात.

दुकानात बाबांसाठी ई-बाइक आणि माझ्यासाठी सात गिअरची साधी सायकल घेतली. मालक सत्तरीचा असावा. नकाशा विकायचा सोडून त्याने विचारलं, किती तास आहेत, वडिलांना उताराची भीती वाटते का, आणि हेदर बघायची आहे की दरी. मग पावतीच्या पाठीवर पेन्सिलने आठ आकडे एकाखाली एक लिहिले. सहाव्याखाली रेघ मारून म्हणाला, "इथे सायकल ठेवा आणि चालत जा. वाळूत चाक रुततं."

हे आकडे म्हणजे क्नोपपुंट. इथे राहणाऱ्यांना ते माहीतच असतात, पण पाहुण्यांना समजावताना मला अजूनही मजा वाटते. सायकलमार्ग जिथे एकमेकांना मिळतात त्या प्रत्येक फाट्याला नंबर असतो. पांढऱ्या पाटीवर हिरवा आकडा आणि बाण. एका नंबरवर पोहोचलात की पुढच्याचा बाण तिथेच लावलेला असतो. गावांची नावं लक्षात ठेवायची गरज नाही, फोन खिशातच राहतो. ही कल्पना बेल्जियममधल्या लिम्बुर्गच्या ह्युगो बोलन या खाण अभियंत्याची, आणि पहिलं जाळं १९९५ साली तिकडेच सुरू झालं. बाबा आयुष्यभर कारखान्याच्या मेंटेनन्समध्ये होते. ते म्हणाले, "म्हणजे पाइपलाइनच्या व्हॉल्व्हला नंबर देतात तसंच की."

एका वळणावर पाटी झुडपात गेली होती. तिथे जमिनीलगत एएनडब्ल्यूबी या डच प्रवासी संस्थेचा 'पाडेस्टूल' सापडला, म्हणजे अळंबीच्या आकाराचा तो बुटका दिशादर्शक. १९१९पासून हे लावलेले आहेत. वाचायला अक्षरशः उकिडवं बसावं लागतं. पण चूक नाही.

आता तक्रार. माझ्या सायकलची सीट दर दोन किलोमीटरला बोटभर खाली सरकत होती. चढावर गुडघे हनुवटीला लागायला लागले तेव्हा उतरून बघितलं तर बोल्टची आटी झिजलेली. ई-बाइकचं प्रकरण मात्र गंभीर होतं. तिला पायब्रेक होता, म्हणजे पेडल उलटं फिरवलं की मागचं चाक आवळतं. इथल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. आपल्याकडे सायकल शिकलेला माणूस उतारावर सवयीने पेडल मागे फिरवतो, कारण ते मोकळं फिरतं. बाबांनी पहिल्याच उतारावर तेच केलं. मागचं चाक किंचाळत तिरकं झालं आणि ते कडेच्या हेदरमध्ये जाऊन थांबले. लागलं नाही. चष्मा मात्र मला झुडपातून शोधून काढावा लागला. अडुसष्ट वर्षांच्या परक्या देशातल्या माणसाला सायकल हातात देताना हे एक वाक्य सांगायला नको?

चष्मा शोधताना हेदर नाकाशी आली म्हणून नीट पाहिली. लांबून जांभळा गालिचा वगैरे वाटतं, तसं काही नसतं. करड्या, काटकुळ्या, गुडघ्याएवढ्या काड्या, त्यांना खवल्यांसारखी बारीक पानं आणि टोकाकडे तांदळाच्या दाण्याएवढी फुलं. मधमाश्या इतक्या की झुडूपच गुणगुणतंय असं वाटावं. शेजारी वाट कापून खोल गेली होती, त्या कडेला मातीचे थर उघडे पडले होते. वर काळा पट्टा, मग राखेसारखी फिकट वाळू, आणि तिच्याखाली तांबूस-तपकिरी कडक थर. पावसाच्या पाण्याने वरच्या वाळूतलं लोह आणि कुजलेला पाला धुऊन खाली नेला की अशी माती होते. बाबा बोटाने थर खरवडत म्हणाले, "इथे ज्वारीसुद्धा यायची नाही."

बरोबरच आहे. शेतीला कुचकामी म्हणून तर ही हेइदे, म्हणजे हेदरची माळरानं, उरली. मुळात ही रानं माणसाने केलेली. जंगल तोडलं, मेंढ्या चारल्या, हेदरचे मातीसकट चौकोन कापून गोठ्यात अंथरले आणि ते शेणखत शेतात नेलं. रासायनिक खत आल्यावर हा सगळा खटाटोप बंद पडला आणि बऱ्याच ठिकाणी पाइनची लागवड झाली. आता हेइदे टिकवायची तर उगवणारी पाइनची रोपं उपटत राहावं लागतं. हवेतून येणाऱ्या नायट्रोजनमुळे गवत माजतं, ती डोकेदुखी वेगळीच. २०१८च्या दुष्काळात इथली बरीच हेदर वाळून गेली होती. अजूनही मधे मधे गवताची पिवळट ठिगळं दिसतात. फोटो बघून गेलात तर थोडे हिरमुसाल.

सहाव्या नंबरला सायकली लावल्या आणि चालायला लागलो. म्हातारबुवांचं म्हणणं शंभर टक्के खरं निघालं. चढउतार सायकलवर नुसता घाम काढतात, पायी मात्र त्यांचा आकार कळतो. या टेकड्या हिमयुगातल्या. साधारण दीड लाख वर्षांपूर्वी उत्तरेकडून आलेल्या बर्फाने नद्यांनी आणलेली वाळू-गोटे पुढे रेटून ढीग घातले, ते हे ढीग. म्हणून खडक कुठेच नाही. पायाखाली गोल गुळगुळीत गोटे लागतात. बाबांनी दोन खिशात घातले, मी बघितलं नाही असं दाखवलं.

पोसबांकवर दगडी बाक आहे. एएनडब्ल्यूबीचे अध्यक्ष पोस यांच्या सन्मानासाठी तो बांधला, त्यावरूनच टेकडीचं नाव. ही संस्था १८८३ साली सायकलस्वारांची म्हणूनच सुरू झाली होती. बाकावर बसलं की खाली आयसेलचं वळण, चर्चचे मनोरे, हवा स्वच्छ असेल तर दूरवर जर्मनीची बाजू. बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "टाकीवरून एवढं दिसत नाही."

दुपारी बारानंतर इथे गाड्यांची आणि मोटरसायकलींची गर्दी होते. बाकापासून दहा मिनिटं चालत गेलात तरी आवाज मागे राहतो. आम्हाला पायवाटेवरच हायलँड जातीच्या दोन गायी बसलेल्या मिळाल्या, तांबड्या, डोळ्यांवर झिपऱ्या. त्यांच्यापासून लांब राहायचं असा नियम आहे, म्हणून मोठा वळसा घातला. त्या ढिम्म हलल्या नाहीत.

संध्याकाळी सायकली परत केल्या. सीट दाखवली, ब्रेकचं सांगितलं. मालकाने आधी "पायब्रेक सगळ्यांनाच माहीत असतो" असं म्हणून बघितलं. मग बाबांच्या पॅंटला चिकटलेल्या काड्या त्याला दिसल्या. काही न बोलता त्याने ई-बाइकचं अर्धं भाडं परत केलं आणि माझ्यासमोरच बोल्ट बदलायला घेतला. बाबा पाना धरायला पुढे झाले. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, तरी वीस मिनिटं चाललं होतं. आमची गाडी चुकली.

तर, जायचं असेल तर सायकल हातात आल्यावर आधी पेडल उलटं फिरवून बघा, सीटवर जोर देऊन बसा, आणि मालकाकडून चिठ्ठी नक्की लिहून घ्या. फुल पॅंट आणि मोजे घाला. घरी गेल्यावर गोचीड तपासा, कारण इथल्या गोचिडींमधून लाइमचा आजार होतो. बाबांच्या पोटरीवर एक निघाली, बारीक तिळाएवढी. चिमट्याने सरळ ओढून काढली आणि कॅलेंडरवर तारीख लिहून ठेवली, म्हणजे पुढे काही आठवडे तिथे लाल वर्तुळ उमटतंय का ते बघता येतं. उमटलं नाही. ते दोन गोटे मात्र परतीच्या बॅगेच्या वजनात आले.