टेबल मॅनर्सचा ऑनलाइन कोर्स, चांगलाय पण थोडा लांबवलाय

ऑफिसच्या डिनरला समोर काटे-चमचे बघून घाम फुटतो त्यांच्यासाठी हा कोर्स मस्तय. सगळ्यात भारी भाग मांडणीचा, काटे डावीकडे, सुरी नि चमचा उजवीकडे, सुरीची धार प्लेटकडे, आणि वापरताना बाहेरून आत यायचं म्हणजे नवीन पदार्थ आला की सगळ्यात बाहेरचं उचलायचं, एवढं कळलं की अर्धी भीती तिथंच संपते. शिवाय ब्रेडची छोटी प्लेट डावीकडची आपली आणि ग्लास उजवीकडचे, त्यामुळे शेजारच्याचं पाणी गटकवायची भानगड नाही. खाऊन झालं की काटा-सुरी शेजारी शेजारी ठेवायची, मग वेटरला कळतं की प्लेट न्यायची, हे पण छान दाखवलंय. नॅपकिनवर मात्र उगाच पाल्हाळ, मांडीवर ठेवा नि ओठ टिपा, झालं की! मोठी उणीव म्हणजे मोबाईल, तो टेबलावर पालथा ठेवून सारखा उचलून बघणाऱ्यांबद्दल चकार शब्द नाही, आणि तोंडात घास असताना बोलू नये हे तर घाईघाईत उरकलंय (खरी गरज त्याचीच आहे लोकांना). लहान मुलांसाठी घेणार असाल तर नको, कंटाळतील. मोठ्यांनी बिनधास्त घ्या, माझ्याकडून चार स्टार.